प्रत्येक हल्ल्याला उत्तर कशाला?

सायकलची रेस म्हटलं की वाटतं, ज्याच्या पायांत दम तो जिंकणार. पण टूर द फ्रान्समध्ये तीन आठवड्यांत 21 टप्पे आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटर असतात. तिथे दम सगळ्यांकडेच असतो. प्रश्न असतो तो कधी आणि कुठे खर्च करायचा याचा.

2022 ची टूर घ्या. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार आधीची दोन वर्षं सलग जिंकलेला. वय फक्त 23. समोर डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड. हा पठ्ठ्या काही वर्षांपूर्वी मासळीच्या कारखान्यात काम करून मग सायकलिंगचा सराव करायचा. एकास एक लढतीत पोगाचारला हरवणं अवघड, हे त्याच्या टीमला, युम्बो-विस्माला माहीत होतं. म्हणून त्यांनी दोन लीडर आणले. दुसरा होता प्रिमोझ रोग्लिच.

13 जुलैला अकरावा टप्पा होता. वाटेत 2642 मीटर उंचीचा गालिबिए घाट आणि शेवटी कोल दु ग्रानों. ग्रानोंचा चढ 11 किलोमीटरचा आणि अंगावर येणारा. पिवळी जर्सी पोगाचारकडे आणि विंगेगार्ड 39 सेकंद मागे. शेवटचा चढ अजून लांब होता, तेव्हाच रोग्लिच आणि विंगेगार्डने आळीपाळीने हल्ले सुरू केले. एक सुटला की पोगाचार त्याला पकडणार, तेवढ्यात दुसरा सुटणार. पोगाचारने प्रत्येक हल्ल्याला स्वतः उत्तर दिलं. बघायला भारी वाटलं, पण ग्रानोंवर बिल आलं. शेवटच्या पाचेक किलोमीटरमध्ये विंगेगार्ड निघाला आणि पोगाचारचे पाय थांबले. एका चढावर 2 मिनिटं 51 सेकंद गेले. पॅरिसला विंगेगार्ड 2 मिनिटं 43 सेकंदांनी जिंकला.

आता आपल्याकडे बघा. मित्राने कोर्स लावला की आपणही लावतो. कोणाची इंटर्नशिप लागली की रात्रभर सीव्ही सजवतो. ग्रुपवर कोणी 'माझा सिलॅबस झाला' टाकलं की हातातला विषय सोडून दुसरा उघडतो. हे सगळे हल्लेच, आणि प्रत्येकाच्या मागे आपण धावतो. मग खरा घाट येतो तेव्हा टाकी रिकामी.

म्हणून सेमिस्टर सुरू होतानाच तुमचा ग्रानों कोणता, ते ठरवा. सायकलपटू मोठे चढ आधी जाऊन चढून बघतात, तसे जुने पेपर आत्ताच सोडवून बघा. शर्यतीत ते भूक लागायची वाट न बघता खात राहतात. तुम्हीही जेवण आणि झोप उरलेल्या वेळावर सोडू नका.

आणि एक गोष्ट विसरू नका. पाचव्या टप्प्यात रोग्लिचचा खांदा निखळला होता. तसल्या खांद्याने तो गालिबिएवर विंगेगार्डसाठी हल्ले करत होता. पुढे त्याला टूर सोडावी लागली. पोडियमवर त्याचं नाव नाही, पण विंगेगार्डच्या त्या जर्सीत त्याचा वाटा मोठा आहे. तुमच्यासाठी असा कोण आहे? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तुम्ही कोणासाठी आहात? नोट्स द्यायला, अडलेलं गणित समजवायला, सबमिशनच्या रात्री सोबत बसायला?

पोगाचारचं काय झालं? 2024 ची टूर त्याने 6 मिनिटं 17 सेकंदांनी जिंकली. दुसरा आला विंगेगार्ड. तेव्हा एखादा घाट अंगावर आला तरी सायकल विकायला काढू नका!