प्लंबरच्या पिशवीत पिस्तूल नको



घरोघरी दुरुस्तीला जाणाऱ्या कारागिरांना स्वसंरक्षणासाठी लपवून पिस्तूल बाळगू द्यावे, ही आपल्या पत्रलेखकाची सूचना मला अजिबात पटली नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याने त्याला परवाना लागतो, पण परवाना मिळाला तरी प्रश्न सुटत नाही. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतल्या लहानशा घरात प्लंबर काम कसे करतो ते पाहावे. तो सिंकखाली अर्धा शिरलेला, पिशवी बाहेर उघडी, आणि पाना द्यायला घरातले पोरच पुढे होते. मध्येच वॉल्व्ह बंद करायला तो गच्चीवर जातो. तेवढा वेळ पिस्तूल कुणाच्या ताब्यात? एकाचे पिस्तूल दुसऱ्याच्या हाती सहज जाऊ शकते: फेब्रुवारी २०२४मध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर झाडलेल्या गोळ्या हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या पिस्तुलातल्या होत्या, असे पोलीस तपासात पुढे आले. शिवाय घरात काय शिरते आहे, हे कळण्याचा हक्क दार उघडणाऱ्याला आहेच.

कारागिरांना धोका असतो, हे खरे. एकट्या जाणाऱ्या ब्युटिशियन मुलींना तर फारच. पण बंद खोलीतल्या झटापटीत पिस्तूल हिसकावले जाण्याचीच भीती मोठी. त्याऐवजी संशय येताच काम सोडून निघण्याची मुभा हवी, आणि त्यापायी पैसे किंवा रेटिंग कापले जाता कामा नये. २०१३च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने कर्मचारी कामानिमित्त जाते ती जागाही कामाचे ठिकाण मानली आहे. म्हणून काम सोडण्याची ही मुभा कारागीर पाठवणाऱ्या कंपन्यांनी नेमणुकीच्या वेळीच लेखी द्यावी, अशी मागणी पत्रलेखकाने केली असती तर मी तिला मनापासून पाठिंबा दिला असता.

– एक वाचक, अँटॉप हिल