शाळेची जुनी व्हॅन : विकावी, रंगवावी की खोलावी?



शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली मारुती व्हॅन आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मधल्या सुट्टीत तिच्या आडोशाला डबे खाल्ले जातात, तिच्या टपावर चेंडू अडकतात आणि मागच्या काचेवरच्या धुळीत बोटाने नावे लिहिली जातात. गेल्या पालकसभेत तिचा विषय निघाला तेव्हा दोन मते पडली. काही जण म्हणाले, भंगारात द्या, जागा मोकळी होईल. काही जण म्हणाले, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपणच मिळून तिला पिवळा रंग मारू, इंजिन चालू करून घेऊ आणि आसपासच्या खेड्यांतली मुले आणायला लावू. टाळ्या दुसऱ्या मताला जास्त पडल्या. मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण माझे मत दोन्हींकडे बसत नव्हते. ते या अंकात मांडतो.

माझ्या मते ती गाडी विकू नये. मुलांच्या हातांनी ती पूर्ण खोलावी, घासावी, रंगवून घ्यावी आणि पुन्हा जोडावी. पण त्यानंतर तिच्यात बसवून एकाही मुलाची ने-आण करू नये.

हे बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. तीन वर्षांपूर्वी बगीच्याच्या कामासाठी मी अशीच एक जुनी ओम्नी घेतली. संत्र्याच्या क्रेट भरून भरून तिची तळपत्री गेली होती, टपाला खोल पोचा होता. गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या काठी उभी केली होती का, असे जो तो विचारायचा. रंगाऱ्याने सांगितलेली रक्कम मला जड वाटली, म्हणून मी आणि नववीतल्या मुलाने ठरवले की आपणच करू. पोळ्याच्या आत गाडी दारात उभी करायची. बैलांच्या शिंगांना रंग लागेल त्या दिवशी गाडीलाही लागलेला असावा, असा मुलाचा हट्ट.

ओळखीच्या मिस्त्रींनी एकच सल्ला दिला होता, “खोलनं सोपं हाय भाऊ. पयले फोटो काढा, मंग खोला.” आम्ही पहिल्या दिवशी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी उत्साहाच्या भरात विसरलो.

ही गाडी खोलायला खरोखर सोपी आहे, हे मान्य केले पाहिजे. १९८४ साली ती मारुती व्हॅन म्हणून आली आणि १९८८ मध्ये तिला ओम्नी नाव मिळाले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलली की इंजिन समोर. साध्या पान्यांच्या संचाने बहुतेक सगळे निघते. पहिल्यांदा बॅटरीची वायर काढायची. मग सीट, बंपर, दिवे, दारांच्या मुठी. सरकती दारे काढायला दोन माणसे लागतात, एकट्याने धरले तर पत्रा वाकतो किंवा बोट सापडते. गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नये, खाली लोखंडी स्टँड लावावेत. विटा रचून कोणी आत शिरत असेल तर त्याला पाय धरून बाहेर ओढावे, इतके हे महत्त्वाचे आहे.

पुढच्या काचेचे रबर काढताना आमचा एक दिवस गेला. बसवताना मात्र मिस्त्रींनी अशी युक्ती दाखवली की मुलगा ती अजून सगळ्यांना सांगत असतो. रबर आधी काचेवर चढवायचे, रबराच्या आतल्या खाचेत चहूबाजूने सुतळी घालायची, दोन्ही टोके गाडीच्या आत सोडायची. एकाने बाहेरून काच हलक्या हाताने दाबून धरायची आणि दुसऱ्याने आतून सुतळी हळूहळू ओढायची. सुतळी निघते तसतशी रबराची कड पत्र्यावर आपोआप चढत जाते. थोडे साबणाचे पाणी लावले की झाले. जे रबर अर्धा दिवस हट्टाला पेटले होते ते पाव तासात बसले.

जुने रबर निघाल्यावर खाली जे दिसले ते मात्र पाहण्यासारखे नव्हते. काचेखालचा पत्रा चाळणी झालेला. सरकत्या दाराची खालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, पायाखालची तळपत्री, सगळीकडे गंज. वरून रंग चांगला दिसत होता, कारण आधीच्या कोणी तरी गंजावरच लांबी भरून रंग मारला होता. टोचून पाहिले तर स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. अशा ठिकाणी लांबीचा उपयोग नाही. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करावा लागतो, आणि ते काम मी शिकलेल्या माणसाकडून करून घेतले.

घासकाम आमचेच. आधी १८० नंबरचा कागद, मग ३२०, शेवटी ६००. पाणी लावूनच घासायचे. यात धूळ उडत नाही हा मोठा फायदा, कारण जुन्या गाड्यांच्या रंगात, विशेषतः पिवळ्या-लाल रंगांत, शिसे असू शकते. घराच्या रंगात शिसे किती असावे यावर आपल्याकडे २०१७ पासून कायद्याने मर्यादा आली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती आहे. कोरडे घासून ती भुकटी मुलांच्या नाकातोंडात जाऊ देणे शहाणपणाचे नाही. उघड्या पत्र्याला रेड ऑक्साइड, वर लांबी, पुन्हा घासणे, मग सरफेसर. हाताने फिरवून पाहिले की डोळ्यांना न दिसणारा खळगा बोटांना सापडतो. माझ्यापेक्षा मुलाची बोटे यात तरबेज निघाली.

आणि रंग? श्रावणातल्या दमट हवेत आम्ही एन.सी. रंग मारला. संध्याकाळी पाहतो तर चकाकी जाऊन सगळीकडे दुधट पांढरी झाक! थिनर झपाट्याने उडतो, पत्रा थंड होतो आणि हवेतला ओलावा रंगावर बसतो, हे नंतर कळले. पोळ्याला बैल सजले आणि आमची गाडी पांढरे भस्म फासल्यासारखी दारात उभी. दिवाळीनंतर कोरड्या हवेत पुन्हा सगळे केले. मे महिन्यातही करू नये, कारण आपल्याकडच्या उन्हात रंग पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकतो आणि खरखरीत बसतो. त्यामुळे ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगवू’ या सूचनेला माझा पहिला आक्षेप अगदी साधा आहे : महिना चुकला.

दुसरा आक्षेप साधा नाही. गाडी जोडून झाली, चकाचक दिसू लागली, शेजाऱ्यांनी पेढे मागितले, आणि बर्फीच्या रिकाम्या डब्यात पाच बोल्ट उरले. चार कुठले ते फोटो पाहून सापडले. पाचवा सापडेना. आठ दिवसांनी मुलाने सरकते दार ओढले आणि ते खालच्या रुळावरून सुटून अंगणात आले. पाचवा बोल्ट खालच्या चाकाच्या पट्टीचा होता. गाडी उभी होती, मुलगा बाजूला सरकला, पायाच्या अंगठ्यावर निभावले. पण त्याच दाराला टेकून दहा पोरे बसलेली असती आणि गाडी पांढुर्ण्याच्या रस्त्यावर वळण घेत असती, तर? चूक माझीच होती, दुसऱ्या कोणाची नाही. आणि त्या आठ दिवसांत ज्याने ज्याने गाडी पाहिली त्याने रंगाचेच कौतुक केले.

शाळेच्या गाड्यांना पिवळा रंग का, हे विद्यार्थ्यांना माहीत असावे. १९३९ साली अमेरिकेत फ्रँक सायर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने न्यूयॉर्कला परिषद बोलावली, त्यात शालेय बससाठी हा रंग ठरला. पहाटेच्या अंधुक उजेडातही त्यावरची काळी अक्षरे वाचता येतात म्हणून. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निर्देशांनंतर शाळेच्या बसला पिवळा रंग, पुढे-मागे शाळेच्या बसची पाटी, खिडक्यांना आडवे गज, दारांना भक्कम कुलपे, प्रथमोपचार पेटी, आग विझवण्याचे साधन असे नियम आले. म्हणजे रंग ही त्या यादीतली एक ओळ. बाकीच्या ओळी सोडून तेवढीच उचलली तर रस्त्यावरचा माणूस समजतो की ही गाडी तपासलेली आहे, आणि पालकही तसेच समजतात.

शिवाय या गाडीत चालकाचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये पत्र्याखेरीज फारसे काही नाही. टक्कर-चाचणीच्या नव्या नियमांत ती बसणार नव्हती. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आपली गाडी पंधरा वर्षांच्या पुढची आहे. तिची नोंदणी नव्याने करायची तर तपासणी आलीच, आणि रंग बदलला तर नोंदणी-पुस्तकातही तो बदल करून घ्यावा लागेल. कागद होतीलही. पण कागद झाले म्हणून माझ्या मुलाला मी तिच्यात रोज बसवीन का, असा प्रश्न प्रत्येक विश्वस्ताने स्वतःच्या नातवंडांना डोळ्यांपुढे आणून विचारावा.

मग खोलायची तरी कशाला? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे आणि ते माझे एकट्याचे नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून हा माणूस दुष्काळी खेड्यात गेला, आणि शाळेत नापास ठरलेली मुलेही हाताने काम करता करता विज्ञान शिकू शकतात हे त्यांनी दाखवून दिले. तिथे जुन्या जीपचे भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर तयार झाला. आणि वर्ध्याला १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला, तो वर्धा आपल्यापासून किती दूर आहे?

उलट बाजूही सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी चारचाकी बनवली, किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रा यांनी ती पाहून २०२१ च्या डिसेंबरात कौतुक केले, पण त्याच वेळी म्हटले की नियमात बसत नसल्याने ती आज ना उद्या थांबवली जाईल. त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत तो बदल झालाही. कारागिरीला दाद वेगळी आणि रस्त्यावर चालवायची परवानगी वेगळी, हे इथे दोन्ही बाजूंनी पाळले गेले. आपणही तेवढेच करावे.

काही पालक म्हणतील, दहावीच्या वर्षी हे कुठे? दहावीला नकोच. आठवी-नववीला, दिवाळीनंतर, आठवड्यातून एक दुपार. तरफ, घर्षण, विद्युत-परिपथ, गंजण्याची रासायनिक क्रिया हे सगळे पुस्तकात आहे. पुस्तकात नसलेले म्हणजे घट्ट बसलेला बोल्ट जास्त जोर लावला की तुटतो, आणि जोर कमी करून तेल सोडून रात्रभर थांबले की सुटतो. एका आईने मला विचारले, पोरींनी गॅरेजात काय करायचे? ताई, तेच करायचे जे पोरांनी करायचे. बारीक जागेतले नट त्यांना आधी सापडतील असा माझा अंदाज आहे. आपल्या घरांत अजून हात काळे करण्याला कमीपणा मानतात. मिस्त्रीला आपण घराबाहेरच चहा देतो, हेही मुले पाहत असतात.

वेल्डिंग, ब्रेक आणि शेवटचा स्प्रे मात्र मुलांकडे नको. हार्डनर मिसळून मारायच्या रंगातली आयसोसायनेट फुप्फुसांना फार वाईट. त्यातून दमा जडू शकतो, आणि साध्या कापडी मास्कने ती अडत नाहीत. ते काम रंगाऱ्याच्या शेडमध्ये होऊ द्यावे, मुलांनी गाडी झाकून द्यावी. झाकायला वार्तापत्राचे जुने गठ्ठे वापरा असे मी म्हणणार होतो, पण थिनरने छपाईची शाई गाडीवर उतरते. मजकूर गाडीला लागेल! कोरा कागदच घ्यावा. एखादी सहल नागपूरजवळ हिंगण्याला न्यावी. महाराष्ट्र एस.टी.च्या तिथल्या मध्यवर्ती कार्यशाळेत नुसत्या चासीवर अख्खी बस उभी राहते. आगाऊ परवानगी काढली तर मुलांना ती पाहता येईल.

गाडी पूर्ण झाली की मागच्या सीट काढून तिच्यात पुस्तकांच्या फळ्या बसवाव्यात आणि ती शाळेच्या आवारातच उभी करावी. आपल्या भागात १९५६ नंतर मराठी पुस्तके मिळवणे नेहमीच खटपटीचे राहिले आहे. नागपूरहून कोणी येणार असले की आपण यादी देतो. वाचनालयाला खोली नाही ही तक्रार तरी मिटेल. रंग कोणता द्यायचा ते मुलांनी ठरवावे, फक्त पिवळा नको.

विश्वस्तांची बैठक पुढच्या महिन्यात आहे असे कळते. होकार मिळाला तर माझा पान्यांचा संच, दोन स्टँड आणि बर्फीचे सगळे डबे मी शाळेत आणून देतो. तो पाचवा बोल्ट दाराला बसला आहे, पण त्याच्या जागेचा फोटो मी मोठा करून छापून घेतला आहे. तो शेडमध्ये पहिल्या दिवशी लावायचा आहे.