घरचे हत्यार : जोडाची रायफल घेताना

आमच्या एका वाचक बंधूंनी विचारले आहे, "गावातल्या एका वयस्कर परवानाधारकांकडे जुनी मार्लिन ३९-ए रायफल आहे. मधून सुटी होते. माझा परवान्याचा अर्ज गेला आहे. ते म्हणतात, दस्ता आत्ताच घेऊन जा, नळी मागाहून ने. काय करावे?"

आधी शेवटचे सांगतो. दस्ता आणू नका. कायद्याच्या दृष्टीने हत्याराचा भागही हत्यारच. परवाना हाती येईपर्यंत एक स्क्रूही घरात नको.

दुसरे म्हणजे, रायफल कशासाठी हवी? रानडुकरासाठी असेल तर नाद सोडा. पॉइंट टू-टूची गोळी त्याला पुरी पडत नाही आणि जखमी डुक्कर माणसावर येते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीवाचून त्याला मारणे हा गुन्हा आहे. नेमबाजीच्या सरावासाठी मात्र ही रायफल उत्तम. तेव्हाही पाठीमागे मातीचा भक्कम बांध हवा, कारण ही लहानशी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

ही रायफल अमेरिकेत १९३९ पासून बनू लागली. तिचे मूळ १८९१ च्या नमुन्यात आहे. उजव्या अंगाचा मोठा स्क्रू नाण्याने सैल केला की दस्ता आणि नळी वेगळी होतात, बोल्टही हाताने निघतो.

पाहायला जाल तेव्हा मालकांना प्रथम ती रिकामी करून दाखवायला सांगावे. नळीखालच्या नळकांड्यात एखादे काडतूस अडकून राहते. मग तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, जोड. स्क्रू आवळल्यावर दोन्ही भाग धरून हलवावेत. खडखड नको. स्क्रूचे आटे मेलेले असतील तर कोणीतरी पकडीने पिळला आहे असे समजावे.

दुसरी, काडतूस बसते त्या घराचा काठ. या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि पिन त्या कडेवर आपटते. रिकाम्या रायफलीचा चाप गमतीने ओढत राहिले तर पिन थेट पोलादावर बसून काठाला खड्डा पडू शकतो. मग काडतूस अडते.

तिसरी, नळी. चिंधी फिरवून उजेडाकडे धरून पाहावे. आत काळे कडे दिसले तर नळी फुगली आहे, सोडून द्यावी. बाहेरचा रंग उडाला असेल तर त्याची चिंता नको.

सांभाळणे सोपे आहे. बोल्ट निघत असल्याने गज नेहमी मागून घालावा. तोंडाकडून घालून तिथली कड झिजली की नेम गेला. हाताळल्यावर घामाचे डाग पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. जास्त तेल लाकडात मुरून दस्ता मऊ पडतो. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात कधीही ठेवू नये. चामडे ओल धरते आणि गंज चढतो. रायफल आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवावीत.

आता कागद. परवाना मिळाल्यावरही विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय हत्यार हाती देता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, हेही ध्यानात असावे.

आणि त्या वडीलधाऱ्यांना एक सांगा. उद्या त्यांचे काही बरेवाईट झाले, तर परवाना नसलेल्या वारसांना ती रायफल विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागेल. मुलांना हे आजच माहीत असलेले बरे. दुःखाच्या दिवसांत माळ्यावरच्या पेटीची आठवण कोणाला राहत नाही.