सुरतेचा पादचारी

१९९४ च्या प्लेगनंतर सुरतेने कात टाकली. १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांनी अतिक्रमणे हटवून रस्ते रुंद केले, सफाईला शिस्त लावली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरसह लाभलेला प्रथम क्रमांक हे त्याचेच फळ होय. आता तापीकाठी उद्याने, फिरण्याच्या व सायकलींच्या वाटा यांचे बेत आहेत. त्यांचे स्वागतच! परंतु खानदेशातून उधना-लिंबायत भागात गेलेला आपला कामगार प्रकृतीसाठी नव्हे, पोटासाठी पायपीट करतो. रुंद झालेले रस्ते मोटारींनी व्यापले. त्याच्या वाट्याला कडेची धूळ आली. नदीकाठच्या प्रभातफेरीची सोय जरूर व्हावी, पण महापालिकेने अंदाजपत्रकात पहिली तरतूद या वस्त्यांतील पदपथांसाठी व सावलीच्या झाडांसाठी करावी.