रक्त तपासले, मनाचे काय?

मध्य प्रदेशातील शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. सन २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू नये, हे त्याचे उद्दिष्ट. आणि आदिवासीबहुल भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तीन वर्षांत रक्ततपासणी करणे, हे पहिले पाऊल. योगायोग असा की, १ जुलै हीच नंदुरबार जिल्ह्याचीही स्थापनातिथी. १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर दहांपैकी सुमारे सात माणसे आदिवासी आहेत. साहजिकच या अभियानाची खरी कसोटी अशाच जिल्ह्यांत लागणार आहे.

बोटाच्या टोकावरील रक्ताच्या एका थेंबाने कोण वाहक आणि कोण रुग्ण हे कळते, कार्ड हातात मिळते, आकडा नोंदवला जातो. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय ते करणाऱ्यांना द्यावयासच हवे. परंतु कार्ड मिळाल्यानंतर त्या घरात काय घडते, हा प्रश्न कोणत्याही रकान्यात मावत नाही. आज आम्ही त्याच प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

नवापूर तालुक्यातील चिंचपाडा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक. येथून जवळच असलेल्या नवापूर स्थानकाचा निम्मा फलाट महाराष्ट्रात व निम्मा गुजरातेत आहे, एवढी ही सीमेलगतची भूमी. चिंचपाड्यास १९४२ पासून एक ख्रिस्ती रुग्णालय आहे. आज ते इम्मॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या संस्थेच्या छत्राखाली चालते. ते कॅथलिक नव्हे, प्रॉटेस्टंट बांधवांचे आहे. पण डोंगरपाड्यांवरून खाटेवर घालून आणलेल्या रुग्णाला या भेदाशी काही देणेघेणे नसते.

अशा रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या माणसांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले, तर एक गोष्ट ध्यानात येते. ‘मला नैराश्य आले आहे’ असे तेथे कोणी म्हणत नाही. ‘जीव घाबरतो’, ‘काळजात धडधडते’, ‘डोके जड होते’, ‘अन्न गोड लागत नाही’, ‘अंग गळून जाते’, अशा शब्दांत दुःख सांगितले जाते. मनाची व्यथा शरीराच्या भाषेत बोलते. त्यातही रुग्ण मावची किंवा भिली बोलणारा आणि डॉक्टर मराठी वा हिंदी बोलणारा असेल, तर उरलासुरला अर्थही वाटेत सांडतो. मग शक्तीची गोळी, सलाईनची बाटली आणि पुढच्या आठवड्याची तारीख. सलाईन लावले म्हणजे उपचार झाला, ही समजूत रुग्णाइतकीच काही डॉक्टरांनीही जोपासली आहे, हे खेदाने म्हणावे लागते.

याउलट दिशेनेही हा संबंध असतो, आणि सिकलसेलच्या बाबतीत तो जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसत असेल. या आजारात हिमोग्लोबिनची घडण जन्मतः वेगळी असते. तांबडी पेशी प्राणवायू सोडून देते तेव्हा हे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून ताठर होते आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक केशवाहिन्यांत अडकल्या की पुढील भागास रक्त मिळत नाही आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. त्यालाच वेदनेचा झटका म्हणतात. मात्र पेशीला वाकण्यास थोडा अवधी लागतो. तेवढ्या अवधीत ती केशवाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे परतली, तर अनर्थ टळतो. थंडी, तहान, ताप, अतिश्रम या गोष्टी पेशींचा प्रवास लांबवतात किंवा तिला अधिक लवकर वाकवतात, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते.

मनावरील ताणही नेमके हेच करतो. भीती वाटली की हातपाय गार पडतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे; त्या वेळी त्वचेतील लहान रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी सिकलसेलच्या रुग्णांना मानसिक ताण येईल अशी कामे देऊन त्यांच्या बोटांतील रक्तप्रवाह मोजला, तेव्हा तो घटलेला आढळला. निरोगी माणसांतही तो घटतो. परंतु निरोगी माणसाच्या पेशी वाट पाहू शकतात, सिकलसेलच्या पेशी पाहू शकत नाहीत. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री आश्रमशाळेतील मुलीचे हातपाय दुखू लागले, तर ती ढोंग करीत आहे असे समजण्यास काही आधार नाही.

आम्ही हे आग्रहाने सांगत आहोत, कारण मनाचा आणि शरीराचा संबंध आहे असे म्हटले की त्याचा अर्थ पुष्कळदा उलटा लावला जातो. ‘तपासणीत काही सापडत नाही, तेव्हा सगळे मनाचे खेळ आहेत,’ असे ऐकवून रुग्णाची बोळवण केली जाते. वेदनेच्या झटक्यात रक्तदाब ठीक असतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि वेदना मोजण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही. रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवणे, एवढाच मार्ग असतो. तो विश्वास न मिळणे हाही एक ताणच होय, आणि तो पुन्हा त्याच रक्तवाहिन्यांवर जाऊन आदळतो.

घरातील चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून लग्नापूर्वी कार्ड पाहावे, असे समुपदेशक सांगतात. सल्ला योग्यच आहे. परंतु वाहक व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी असते, ही अर्धी गोष्ट पाड्यापर्यंत पोहोचत नाही, आणि मुलीचे कार्ड हे तिच्यातील खोट ठरते. आजारी मूल जन्मले तर बोल आईला लागतो. वास्तविक तो वारसा आई व बाप या दोघांकडून आलेला असतो. या दोषारोपाची नोंद कोणत्या शिबिरात होते?

औषधांचा प्रश्नही यातच गुंतलेला आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत हायड्रॉक्सियुरियामुळे प्रौढ रुग्णांतील वेदनेचे झटके सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. पण ही गोळी बरे वाटत असतानाही रोज घ्यावी लागते. ज्याला सकाळी उठण्यातच अर्थ वाटत नाही, तो ती घेईल काय? क्षयरोगाचे सहा महिन्यांचे उपचार अर्ध्यावर सुटतात, मधुमेह्यांचे पथ्य मोडते, यामागेही अनेकदा हेच कारण असते. आपण त्याला ‘निष्काळजीपणा’ असे नाव देऊन मोकळे होतो.

येथे आशा दाखवताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर नैराश्य आलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक असते, हे कॅनडातील अभ्यासकांनी १९९३ साली दाखवले. नैराश्यावर उपचार केले तर मृत्यू टळतील, असे तेव्हा अनेकांना वाटले. २००३ साली जवळजवळ अडीच हजार रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष आला: मन सावरले, परंतु मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा मन प्रसन्न ठेवा म्हणजे रोग पळेल, असे सांगणारे वक्ते व पुस्तके यांच्यापासून सावध राहणे बरे. मन सावरणे ही गोष्ट स्वतःच मोलाची आहे. तिला आणखी कोणत्या लाभाचे प्रमाणपत्र लागू नये.

मग हे काम करायचे कोणी? निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने देशात एक लाख लोकांमागे पुरता एक मानसोपचारतज्ज्ञही नसल्याचे दाखवले. दुर्गम तालुक्यांनी त्यांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. आपल्या शेजारच्या गोव्याने एक मार्ग दाखवला आहे. तेथे डॉ. विक्रम पटेल व ‘संगाथ’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी आरोग्यकेंद्रांत साध्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शासकीय केंद्रांतील नैराश्य व चिंताग्रस्त रुग्ण त्यामुळे अधिक प्रमाणात बरे झाले. खासगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. गरिबांच्या दवाखान्यातच हा उपाय लागू पडावा, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

गावात आशा कार्यकर्ती आहे, पण तिच्या डोक्यावर आधीच किती रजिस्टरे आहेत हे आम्ही जाणतो. तिला मानधनाविना आणखी एक काम देणे अन्यायाचे होईल. भगताची गोष्ट निराळी. त्याच्याकडे गेल्याने उपचारास उशीर होतो आणि कधी जीवही जातो, याविषयी दुमत नाही. तरीही तो घरात कोणाशी भांडण झाले, कोण वारले, कोण दूर गेले, असे विचारतो. हे प्रश्न दवाखान्यात कोणी विचारत नाही.

आपल्या धर्मग्रामांतील रुग्णभेटीकडेही या दृष्टीने पाहावे लागेल. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ च्या आपल्या पत्रात शरीराचे दुःख व मनाचे दुःख असा भेद करून दोन्हींना सारखेच खरे मानले. पुढे त्याच तिथीस जागतिक रुग्णदिन पाळला जाऊ लागला. परंतु आपण रुग्णाच्या उशाशी बसताक्षणी ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे होतो, आणि रुग्णास जे सांगायचे असते ते घशातच राहते. दहा मिनिटे गप्प बसून ऐकणे आपल्याला जड का जावे?

दिवाळीनंतर नंदुरबारच्या पाड्यांवरून ऊसतोडीसाठी कुटुंबे दक्षिण गुजरातेकडे निघतात. थंडीची पहाट, उघड्यावरचे झोपडे, अपुरे पाणी, दिवसभराचे श्रम, डोक्यावर घेतलेल्या उचलीचा भार: झटका आणणारी सर्व कारणे त्या एका हंगामात एकत्र येतात. तपासणीचे कार्ड महाराष्ट्राचे, दवाखाना गुजरातचा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून देशभर चालू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. निघणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या गाठोड्यात हंगामभराच्या गोळ्या आणि कार्डाच्या मागे हा क्रमांक लिहून देणे, एवढे तरी यंदा ट्रक सुटण्यापूर्वी व्हावे, अशी आमची तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विनंती आहे.