पराजिताची साक्ष

शर्यतींत हरलेला मनुष्य जेत्याविषयीं शंका बोलून दाखवूं लागला, कीं आपण लागलीच "कोल्ह्याला द्राक्षें आंबट" असें म्हणून त्याचें तोंड बंद करितों. पुष्कळ वेळां तें योग्यही असतें. पण नेहमींच असतें काय? अमेरिकेंतील शर्ली बाबाशॉफ ह्या जलतरणपटूचें चरित्र या दृष्टीनें विद्यार्थ्यांनीं, व त्यांच्या पालकांनींही, मनन करण्यासारखें आहे.

शर्लीचा जन्म १९५७ सालीं कॅलिफोर्नियांत झाला. फ्रीस्टाइल ह्या पोहण्याच्या सर्वांत वेगवान प्रकारांत ती निष्णात होती. पंधराव्या वर्षीं, १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्यें, तिनें १०० व २०० मीटरच्या शर्यतींत रौप्यपदकें आणि सांघिक शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. १९७६ सालीं मॉन्ट्रियल येथें मात्र २००, ४०० व ८०० मीटर ह्या तिन्ही शर्यतींत तिला दुसरा क्रमांक मिळाला. तिन्ही वेळां पहिली आली ती पूर्व जर्मनीची मुलगी. चार वर्षांपूर्वीं ज्या देशाच्या स्त्रियांना पोहण्यांत एकही सुवर्णपदक मिळालें नव्हतें, त्यांनीं या खेपेस तेरापैकीं अकरा शर्यती जिंकल्या होत्या.

त्या मुलींचे घोगरे आवाज व पिळदार खांदे पाहून शर्लीनें आपली शंका उघड बोलून दाखविली. झालें! वृत्तपत्रांनीं तिच्या नांवावर कोटी करून तिला तुसडी ठरविलें. तिचें म्हणणें तपासून पाहण्याचे श्रम फारच थोड्यांनीं घेतले.

पुढें १९८९ सालीं बर्लिनची भिंत कोसळली आणि सरकारी दप्तरें उघडीं पडलीं. खेळाडूंना शक्तिवर्धक संप्रेरकें देण्याची एक गुप्त योजना पूर्व जर्मन सरकारनेंच १९७४ पासून चालविली होती. कित्येक अल्पवयी मुलींना तीं औषधें जीवनसत्त्वें म्हणून खाऊं घातलीं होतीं, व पुढें अनेकींना त्याचे दुष्परिणाम जन्मभर भोगावे लागले. २००० सालीं बर्लिनच्या न्यायालयानें तेथील माजी क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड व एक डॉक्टर यांस दोषी ठरविलें. पदकांच्या याद्या मात्र बदलल्या नाहींत. शर्ली पुढें कॅलिफोर्नियांत टपाल वांटण्याची नोकरी करीत राहिली. २००५ सालीं ऑलिंपिक समितीनें तिला सन्मानचिन्ह दिलें.

यावरून हरणाऱ्या प्रत्येकानें जेत्यावर आरोप करावा, असा अर्थ कोणीं घेऊं नये. पुराव्यावांचून केलेला आरोप हें पापच होय. माझें म्हणणें इतकेंच, कीं बोलणारा हरला आहे एवढ्यावरून त्याचें बोलणें खोटें ठरत नाहीं. एखादा विद्यार्थी परीक्षेंत कॉपी चालल्याचें सांगतो, तेव्हां "तुला किती गुण मिळाले तें आधीं सांग" असें विचारण्याऐवजीं त्याच्या म्हणण्याची चौकशी करणें हें वडीलधाऱ्यांचें कर्तव्य आहे.

दुसरी गोष्ट पालकांसाठीं. मॉन्ट्रियल येथें जिंकलेल्या त्या मुलींवर राग धरणें मला अन्यायाचें वाटतें. त्या मुलींच्या हातीं पदकें आलीं खरीं, पण त्यांचें आरोग्य ज्यांनीं हिरावून घेतलें तीं त्यांच्याच विश्वासांतलीं मोठीं माणसें होतीं. मुलाच्या यशाची हांव मुलापेक्षां आपल्यालाच अधिक आहे काय, हा प्रश्न प्रत्येक आईबापांनीं स्वतःस विचारावा.

आणि विद्यार्थिमित्रहो, आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवा. त्याच मॉन्ट्रियलच्या तलावांत, सर्व बाजूंनीं टीका होत असतां, शर्ली आपल्या तीन सोबतिणींसह ४ गुणिले १०० मीटरच्या सांघिक शर्यतींत उतरली. शेवटचा टप्पा तिचाच होता. त्या चौघींनीं पूर्व जर्मनीस मागें टाकून ३ मिनिटें ४४.८२ सेकंदांत जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकलें. शंका तिनें मनांत दडवून ठेवली नाहीं, आणि तिचें निमित्त करून पोहण्यांतही कसूर केली नाहीं. सत्य बोलणाऱ्यानें आपलें काम असेंच चोख ठेवावें.