हायब्रिड म्हणण्याआधी पिल्लू म्हणा

रत्नागिरीत हमिंगबर्ड नाहीत. त्यांचं अख्खं कुळ अमेरिका खंडांतलं. आपल्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर, म्हणजे सनबर्ड. एवढं आता बहुतेकांना कळलंय. म्हणून हल्ली दुसरं खूळ आलंय. शिंजीर पुस्तकातल्या चित्राशी जुळला नाही की ग्रुपवर फोटो पडतो, खाली लिहिलेलं असतं 'हायब्रिड?' संध्याकाळपर्यंत प्रश्नचिन्ह गळून पडतं.

हा निव्वळ आळस आहे. कोड चालला नाही की पहिल्याच तासाला 'कंपायलरमध्येच बग आहे' म्हणणारा ज्युनिअर आमच्या धंद्यात सगळ्यांनी पाहिलेला असतो. कंपायलरमध्ये बग असतातही. पण आधी स्वतःचा सेमीकोलन बघायचा असतो.

इथले सेमीकोलन कोणते? पहिला, वय. पर्पल-रम्प्ड सनबर्डची मादी पांढुरक्या गळ्याची, पिवळ्या छातीची. तिचं पिल्लू मात्र खालून बरंचसं सरसकट पिवळं, म्हणजे पर्पल सनबर्डच्या मादीच्या जवळ जाणारं. संकराचा पुरावा म्हणून मिरवायला अगदी सोयीचं! दुसरा, चोच. लोटेनचा शिंजीर ओळखायचा तो लांब, चांगल्याच वाकलेल्या चोचीवरून. पण घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाची चोच पुरती वाढलेली नसते. तिसरा, पिसं. विणीचा हंगाम संपला की पर्पलचा नर झगमगीत वेष उतरवतो. पोट पिवळट, मधोमध गडद पट्टा. वयात येणारा नरही असाच ठिगळं लावल्यासारखा दिसतो. चौथा, प्रकाश. शिंजिराची चमक पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते, त्यामुळे कोन बदलला की तोच जांभळा गळा काळा दिसतो. वर कपाळाला लागलेले परागकण. आणि त्याही वर तुमच्या फोनचं सॉफ्टवेअर, जे झूम केलेला फोटो घासूनपुसून देतं. अशी सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्या जमातीतलाच मी आहे. त्यांच्यावर इतका विश्वास ठेवू नका.

'पण संकर होतातच की!' होतात. हमिंगबर्डमध्ये तर चांगलेच होतात. एकोणिसाव्या शतकात बोगोटाहून युरोपात गेलेल्या वाळवलेल्या नमुन्यांवरून 'नव्या जाती' जाहीर झाल्या, त्यांतल्या काही पुढे संकर ठरल्या. पण तिथलेच जाणकार आज किती जपून बोलतात ते बघा. रूफस आणि ॲलन्स या दोन हमिंगबर्डची पिल्लं इतकी सारखी, की शेपटीच्या पिसांचा आकार आणि रुंदी नीट तपासल्याशिवाय ते जात सांगत नाहीत. सरळ 'रूफस किंवा ॲलन्स' अशी नोंद करतात. वय, पिसं, प्रकाश सगळं वजा करूनही काही उरलं, आणि त्यात दोन्ही जातींच्या खुणा स्पष्ट असल्या, तर संकराचं नाव काढायचं.

'एवढ्याशा पक्ष्यावरून कशाला वाद?' कारण २०२३चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल तुमच्या-माझ्यासारख्यांनी ईबर्डवर टाकलेल्या नोंदींवरच उभा आहे. विगर्सचा शिंजीर प्रामुख्याने पश्चिम घाटातला. साइक्सने १८३२ साली त्याचं वर्णन केलं. त्याची साधीसुधी मादी 'हायब्रिड' म्हणून खपवली, तर आपल्याच घाटातल्या पक्ष्याची एक नोंद गेली.

शिवाय 'दुर्मीळ' म्हटलं की गाड्या येतात, ब्लूटूथ स्पीकरवर आवाज वाजतात. पडवीतल्या वायरीला लोंबणाऱ्या घरट्यातून कालच बाहेर पडलेलं पिल्लू फांदीवर भुकेलं बसतं, आणि चारा घेऊन आलेले आई-बाप गर्दी बघून लांबच घुटमळतात.

ईबर्डवर जात न ठरवता नुसतं 'सनबर्ड' नोंदवायची सोय आहे. ती वापरा, त्यात कमीपणा नाही. मग लांब उभं राहून त्या पिल्लाला कोण भरवतंय ते बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. दोन वेगळ्या जातींचे पक्षी एकाच पिल्लाला भरवताना दिसले, तर मात्र जरूर कळवा. स्पीकर घरी ठेवून मीही बघायला येईन.